तपासणीचा खर्च आणि कागदांचा क्रम

(मंडळाच्या श्रावणातील कौटुंबिक मेळाव्यात पालक गटाने केलेल्या भाषणाचा मजकूर. अनेक सभासदांनी मागणी केल्यामुळे स्मरणिकेत देत आहोत.)



आम्ही म्हणजे चार घरे. दोन काचीगुड्यातली, एक बरकतपुऱ्यातले आणि एक सिकंदराबादचे. चौघांच्याही घरी एक मूल असे आहे, ज्याची वाढ शेजारच्या मुलांच्या वेळापत्रकाने झाली नाही. दोन मुले स्वमग्न आहेत, म्हणजे ज्याला ऑटिझम म्हणतात ते. एकाला अध्ययन अक्षमता आहे, आणि एका मुलीला डॉक्टर ज्याला एडीएचडी म्हणतात ती अतिचंचलता. कार्यकारिणीने आम्हाला सांगितले होते, 'तुमच्या मुलांविषयी बोला.' आम्ही मात्र आज पैशांविषयी बोलणार आहोत. कारण मंडळातल्या ज्या ज्या घरांनी आम्हाला आजवर गाठले, त्यांनी सुरुवात नेहमी एकाच प्रश्नाने केली. हळदीकुंकवाला कोपऱ्यात नेऊन, नाहीतर आरतीनंतर चपला घालताना, हळूच विचारायचे, 'तपासणीला किती लागतात हो?'

हा प्रश्न लाजून विचारण्यासारखा नाही. या एका प्रश्नापायी मुलाची दोन-दोन वर्षे निघून जातात. घरात आजी म्हणते, मुलगे उशिराच बोलतात, याचा बाबाही चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता. आजीचे म्हणणे सगळ्यांनाच बरे वाटते, कारण ते फुकट असते. तपासणीला पैसे पडतात. मग 'दिवाळीनंतर बघू', 'बोनस आल्यावर बघू' असे चालते. थेरपीचा जास्तीत जास्त उपयोग ज्या वयात होतो, ते वय बोनसची वाट पाहत थांबत नाही.

आधी खर्च वाढतो कसा ते सांगतो. खासगी दवाखान्यात आपण बालरोगतज्ज्ञांकडे जातो. ते म्हणतात, विकासात्मक बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तिथे वेगळी फी. ते म्हणतात, ऐकू येते का ते आधी पाहून घ्या, म्हणून कानाची तपासणी. मग वाचातज्ज्ञांचा अहवाल, ऑक्युपेशनल थेरपिस्टचा अहवाल, मानसशास्त्रज्ञांकडे बुद्ध्यांक आणि स्वमग्नतेची चाचणी. प्रत्येक टप्पा आपल्या जागी योग्यच असतो, पण कोणीही सुरुवातीला एकूण आकडा सांगत नाही. काही हजारांपासून सुरू झालेले हे प्रकरण वीस-पंचवीस हजारांपर्यंत कधी गेले, ते पावत्या एकत्र लावल्यावर कळते. आमच्यातल्या एका घरी तर हे सगळे करूनही हाती आलेल्या कागदावर तपासणाऱ्याचा नोंदणी क्रमांकच नव्हता, आणि पुढे सरकारी ठिकाणी तो अहवाल बाजूला ठेवला गेला.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी एक विचारा. मानसशास्त्रज्ञ, वाचातज्ज्ञ, विशेष शिक्षक यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, असते. १९९२ च्या कायद्याने ही परिषद आहे. 'तुमचा सीआरआर क्रमांक अहवालावर असेल ना?' असे विचारायला काहीच हरकत नाही. खऱ्या तज्ज्ञाला त्याचा राग येत नाही. त्याच वेळी हेही विचारून घ्या की कोणकोणत्या चाचण्या होणार, लेखी अहवाल मिळणार का, आणि त्याचे पैसे वेगळे आहेत का.

आता आमच्या बोलण्याचा मुख्य मुद्दा. आपल्या देशात अशा मुलांसाठी सवलती आहेत. विमा आहे, आयकरात वजावट आहे, नोकरीत भत्ता आहे, परीक्षेत जादा वेळ आहे. पण जवळजवळ सगळ्या सवलती दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रानंतर सुरू होतात. प्रमाणपत्र तपासणीनंतर मिळते. म्हणजे ज्या पहिल्या तपासणीसाठी घराला पैशांची सर्वांत जास्त अडचण असते, तिलाच या योजनांतून पैसे मिळत नाहीत. हे ज्याला उमजले, तो एक गोष्ट करतो. पहिली तपासणी जिथे कमीत कमी पैशांत होते तिथे करून घेतो आणि मग प्रमाणपत्राच्या मागे लागतो. खासगीत खर्च करायचाच असेल तर तो थेरपीसाठी राखून ठेवतो.

आणि याबाबतीत हैदराबादकर नशीबवान आहेत. बोवेनपल्लीला मनोविकासनगर म्हणून जागा आहे. तिथे १९८४ मध्ये केंद्र सरकारने मतिमंदांसाठी राष्ट्रीय संस्था स्थापन केली. आपल्यातले जुने लोक तिला अजून एनआयएमएचच म्हणतात. आता तिचे नाव एनआयईपीआयडी आहे. स्वमग्नता मोजण्याची जी भारतीय मोजपट्टी देशभर प्रमाणपत्रासाठी वापरली जाते, ती आयएसएए नावाची पट्टी याच संस्थेत तयार झाली. मुंबई-पुण्याचे नातेवाईक आपल्याला फोन करून विचारतात, 'तिकडे काही सोय आहे का?' अहो, ज्या संस्थेने पट्टी बनवली ती आपल्या गावात आहे, सिटी बसच्या अंतरावर. २०२१ च्या जूनमध्ये देशात चौदा ठिकाणी सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्रे सुरू झाली, त्यातले एक सिकंदराबादला याच संस्थेत आहे. खासगीच्या मानाने इथले शुल्क फारच कमी. उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड असेल तर बरोबर न्या आणि सवलतीची चौकशी करा. दिवस मात्र पूर्ण जातो. सकाळी लवकर निघा, मुलाचा डबा आणि एक आवडते खेळणे घ्या, आणि एका फेरीत सगळे उरकेल अशी अपेक्षा ठेवू नका.

त्याच आवारात अली यावर जंग यांच्या नावाच्या श्रवण आणि वाचा संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे. मुख्य संस्था मुंबईला, वांद्र्याला. जाता जाता सांगतो, अली यावर जंग मूळ हैदराबादचे, उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू झालेले, आणि पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल. आपल्यासारखेच दोन्हीकडचे! तर कानाची तपासणी तिथे होते. ही तपासणी टाळू नका. हाक मारल्यावर मूल वळून पाहत नाही, याचे कारण स्वमग्नता असू शकते आणि कमी ऐकू येणेही असू शकते. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत.

जिल्ह्यात राहणाऱ्यांनी, निजामाबाद, आदिलाबादकडच्या आपल्या मंडळींनी, दुसरी वाट लक्षात ठेवावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला, आणि त्याची सुरुवात महाराष्ट्रात पालघरला झाली. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात मोफत होते, आणि वाढीतला विलंब हा त्यातला एक ठरलेला भाग आहे. पथके अंगणवाडीत आणि सरकारी व अनुदानित शाळांत जातात. पुढच्या तपासणीसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र असते, त्याला डीईआयसी म्हणतात. आपली अडचण अशी की आपली मुले बहुतेक खासगी इंग्रजी शाळांत असतात. तिथे हे पथक पोहोचत नाही. म्हणून पालकांनी स्वतःच जिल्हा रुग्णालयात जाऊन डीईआयसीची चौकशी करायची. 'सरकारी' म्हटले की आपल्या काही घरांत नाक मुरडले जाते. आम्हीही ती नाके पाहिली आहेत. पण या एका बाबतीत सरकारी कागदालाच वजन आहे, आणि तो खासगी कागदापेक्षा स्वस्त आहे.

भाषेविषयी थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण याची आपल्या घरांना फार झळ बसते. आपल्या मुलाच्या कानावर काय काय पडते पाहा. घरात मराठी, खाली दुकानात दखनी, कामवाल्या अम्माची तेलुगू, शाळेत इंग्रजी. मूल बोलायला उशीर करू लागले की पहिला सल्ला मिळतो, 'घरात एकच भाषा बोला, इंग्रजीच बोला.' एका घरातल्या आजोबांनी नातवाशी बोलणेच बंद केले होते, कारण त्यांना इंग्रजी येत नव्हते. अनेक भाषा कानावर पडल्याने कोणी स्वमग्न होत नाही. आणि आजोबा गप्प बसले तर मुलाशी बोलणारे एक माणूस कमी होते, एवढेच.

तपासणीच्या वेळी मात्र भाषा फार महत्त्वाची. तपासणारे बहुधा तेलुगू, हिंदी किंवा इंग्रजी बोलणारे असतात. 'बॉल कुठंय?' म्हटल्यावर चेंडू आणून देणारे मूल 'बंती एक्कड' म्हटल्यावर पाहतही नाही, आणि कागदावर 'आज्ञा समजत नाही' असे लिहिले जाते. म्हणून पहिल्याच वाक्यात सांगा, 'घरची भाषा मराठी आहे.' मूल कोणते शब्द बोलते, कोणते ऐकून समजते, याची यादी आदल्या रात्री करा. 'भूर', 'मम्मम', 'नक्को' हे सगळे लिहा. आपल्या मुलांचा 'नक्को' मराठीत धरायचा की दखनीत, हा वाद नंतर घालू. शक्य असेल तर घरातले जे माणूस मुलाशी सर्वांत जास्त बोलते ते बरोबर जावे, मग ती आजी का असेना. मोबाईलवर घरातल्या खेळण्याचे, जेवतानाचे दोन-तीन व्हिडिओ घेऊन ठेवा. परक्या खोलीत मूल काय करते आणि घरी काय करते, यात खूप अंतर असते.

आता प्रमाणपत्र. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ते एकवीस केले, आणि त्यात स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता ही दोन्ही नावे आली. अर्ज 'स्वावलंबन' या संकेतस्थळावर करायचा, त्यातून यूडीआयडी कार्ड मिळते. आपल्याकडे आधी सदरेम होते, मीसेवा केंद्रात स्लॉट घ्यावा लागे. ज्यांच्याकडे जुने सदरेम प्रमाणपत्र आहे, त्यांनी ते जपून ठेवावे आणि यूडीआयडीची चौकशी करावी. स्वमग्नतेसाठी आयएसएएच्या पट्टीवर चाळीस बाबी तपासतात, प्रत्येकीला एक ते पाच गुण. बेरीज सत्तरच्या खाली असेल तर त्या पट्टीप्रमाणे स्वमग्नता धरत नाहीत. बहुतेक सवलतींना चाळीस टक्के दिव्यांगत्व लागते. लहान मुलाला तात्पुरते प्रमाणपत्र मिळते आणि काही वर्षांनी पुन्हा तपासणी होते. मुदत संपायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

पुष्कळ आईवडील इथेच थांबतात. 'कार्ड काढले की शिक्का बसेल, पुढे लग्नाला अडचण येईल, भावंडांचेही कठीण होईल.' ही भीती आम्हाला परकी नाही. पण कार्ड कपाटात ठेवता येते. कोणाला दाखवायचे ते आपण ठरवतो. शाळेतल्या शेजारणीला काय कळायचे ते कार्डाशिवायही कळलेले असतेच.

कार्ड हाती आल्यावर सर्वांत आधी निरामय. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची ही आरोग्य विमा योजना आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण मिळते. दारिद्र्यरेषेच्या वरच्या कुटुंबाला नोंदणी पाचशे रुपये, पुढे वार्षिक नूतनीकरण अडीचशे. आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही, वयाची अट नाही. साधा आरोग्य विमा दवाखान्यात दाखल झाल्याशिवाय पैसे देत नाही, इथे मात्र बाह्यरुग्ण तपासण्या आणि थेरपी यांनाही जागा आहे. प्रत्येकाला पोटमर्यादा आहेत, त्यामुळे लाख रुपये थेरपीलाच मिळतील असे समजू नका. पुढच्या वर्षांच्या फेरतपासण्या आणि थेरपीच्या मूळ पावत्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, एका फाइलमध्ये ठेवा. पावती नाही तर परतावा नाही.

नेहमीच्या मेडिक्लेमविषयी थोडक्यात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरायला सांगितले आहे. त्या कलमाच्या भरवशावर स्वमग्नतेच्या तपासणीचे बिल मंजूर होईल असे धरून चालू नका. ओपीडीचे संरक्षण पॉलिसीत आहे का, एवढे पाहा. मुलांचे आईवडील ज्या कंपनीत आहेत तिथल्या गटविम्यातही विचारून पाहा. हायटेक सिटीतल्या काही कंपन्या आता थेरपीचा थोडा खर्च देतात, पण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

आयकरात दिव्यांग अवलंबितासाठी वजावट आहे. १९६१ च्या कायद्यात तिला ८०डीडी म्हणत. चाळीस टक्क्यांपासून ७५,००० रुपये, ऐंशी टक्के किंवा अधिक असेल तर १,२५,००० रुपये. खरा खर्च कमी झाला असला तरी वजावट पूर्ण मिळते, हे तिचे वैशिष्ट्य. वीस टक्क्यांच्या टप्प्यात असणाऱ्याला ७५,००० च्या वजावटीने उपकरासह १५,६०० रुपये वाचतात, तीस टक्क्यांच्या टप्प्यात २३,४००. पण ही सवलत फक्त जुन्या करपद्धतीत आहे. ज्यांचे उत्पन्न नव्या पद्धतीतच करमुक्त बसते, त्यांना हिचा उपयोग नाही. म्हणून दोन्ही हिशेब मांडून पाहा. स्वमग्नतेसाठी वैद्यकीय दाखल्याचा वेगळा नमुना असतो, तो १०-आयए म्हणून ओळखला जायचा. एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आहे, कलमांचे क्रमांक बदललेले. तेव्हा सी.ए.ना क्रमांक सांगत बसू नका. 'दिव्यांग अवलंबिताची वजावट' म्हणा, ते शोधतील.

केंद्र सरकारी नोकरीत असाल तर दिव्यांग मुलासाठी शिक्षण भत्ता नेहमीच्या दुप्पट मिळतो. रेल्वे, सीजीएचएस, ईएसआय यांचे लाभार्थी असाल तर आधी आपल्या दवाखान्याचे रेफरल घ्या आणि मग तपासणीला जा. हा क्रम उलटा झाला की बिल अडकते. सिकंदराबादच्या रेल्वेवाल्या मंडळींनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

अध्ययन अक्षमतेचा रस्ता थोडा वेगळा आहे. वाचन-लेखनात मागे पडणाऱ्या मुलाची तपासणी साधारण आठव्या वर्षानंतर प्रमाणपत्रासाठी धरली जाते. निरामय त्याला लागू नाही. मिळते ते मुख्यतः परीक्षेत: जादा वेळ, लेखनिक. महाराष्ट्राने ही सवलत १९९६ पासून दिली आहे. बोर्डाच्या परीक्षेसाठी कागद लागतो तो दहावीच्या जानेवारीत धावपळ करून मिळत नाही. आठवीतच सुरुवात करा, आणि आपल्या बोर्डाचे नियम शाळेकडून लेखी मागून घ्या.

आणि आता ज्याला काहीच नाही त्याचे. एडीएचडी हे नाव त्या एकवीस प्रकारांत नाही. मुलाला त्याबरोबर अध्ययन अक्षमता किंवा दुसरे काही असेल तर त्या नावाने कार्ड मिळू शकते. नुसती अतिचंचलता असेल तर तपासणीही आपल्या खिशातून आणि पुढचे समुपदेशनही आपल्या खिशातून. आमच्या चार घरांपैकी एक घर हेच आहे. बाकीच्या तिघांनी फायली उघडून सवलतींची चर्चा केली की त्या घरातली ताई उठून चहा टाकायला जाते. तिच्या मुलीला शाळेतून दोनदा 'दुसरी शाळा बघा' असे सांगून झाले आहे.

इथे आम्ही मंडळाकडे येतो. आपल्या मंडळाचा वैद्यकीय मदत निधी आहे. ज्येष्ठांनी कष्टाने उभा केलेला आहे, त्यातून डायलिसिसला, शस्त्रक्रियेला मदत झालेली आम्ही पाहिली आहे. पण नियमात शब्द आहेत 'रुग्णालयातील उपचारांचे बिल'. मुलाच्या तपासणीसाठी कोणी रुग्णालयात दाखल होत नाही, म्हणून आजवर एकाही घराला या कारणासाठी अर्ज करता आलेला नाही. आमची सूचना अशी की बारा वर्षांखालील मुलाच्या पहिल्या तपासणीसाठी, आरसीआय नोंदणी असलेल्या तज्ज्ञाच्या पावतीवर, निधीतून मदत द्यावी. ज्यांना सरकारी योजनांतून पैसे मिळू शकत नाहीत, त्या मुलांना आधी. रक्कम कार्यकारिणीने ठरवावी. अर्जदाराचे नाव वार्षिक अहवालात छापू नये. आपल्याकडे देणगीदाराचे नाव मोठ्या अक्षरांत आणि मदत घेणाऱ्याचे नाव त्याच्याखाली छापायची जुनी पद्धत आहे. या कामात ती मोडावी लागेल, नाहीतर अर्ज कोणी करणार नाही. हा ठराव आम्ही लेखी दिलेला आहे. तो सर्वसाधारण सभेपुढे येईल तेव्हा ज्यांच्या घरी असे मूल नाही त्यांनीही यावे, कारण मतदानात संख्या त्यांचीच जास्त आहे.

गणपतीचे दहाही दिवस संध्याकाळच्या आरतीनंतर आमच्यापैकी दोघे मंडपामागच्या वाचनालयात बसणार आहोत. स्वावलंबनचा अर्ज तिथे भरून देऊ, निरामयचाही. येताना मुलाचे आणि पालकांचे आधार कार्ड, जन्माचा दाखला, पत्त्याचा पुरावा, मुलाचा फोटो आणि आजवरचे सगळे अहवाल आणा, अर्धवट असले तरी चालतील. मुलालाही आणा. तिथे ढोल-ताशांचा आवाज कमी येतो आणि दोन पंखे आहेत. मोदक आम्ही आणतो.